झोपाळ्याची फळी कुठल्या जंगलातली?

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी दिवाणखान्याच्या मधोमध झोपाळा आहे. बडोद्याच्या मराठी माणसांनी गुजरातकडून जे काही मनापासून घेतलं त्यात झोपाळ्याचा मान पहिला. आमचा पणजोबांच्या वेळचा. पितळी कड्या, साखळ्या आणि दोन इंच जाडीची एकसंध फळी. मागच्या वर्षी एका कडीजवळ फळीला चीर गेली, म्हणून मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी फळी उतरवली, उलटी केली, खालच्या अंगाला रंध्याचा एक हात मारला आणि निघालेली ढलपी नाकाशी नेली. म्हणाले, "आ तो बर्मानो साग छे, बेन. हवे आवो मळतो नथी." म्हणजे हा तर बर्माचा साग, आता असा मिळत नाही.

काकांना ते पटलं नाही. त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं होतं की हे लाकूड दक्षिण गुजरातेतल्या डांगच्या जंगलातलं, गायकवाडांच्या छोट्या गाडीतून आलेलं. ही गाडी म्हणजे बिलीमोरा ते वघई हा सुमारे ६३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१३ साली, बडोदा संस्थानानं तो घातला आणि त्यामागे डांगच्या जंगलातलं लाकूड खाली आणणं हे मोठं कारण होतं. तेव्हा काकांच्या म्हणण्यात न पटण्यासारखं काही नव्हतं. मिस्त्रींच्या नाकावरही माझा विश्वास आहे, त्यांनी चाळीस वर्षं साग हाताळला आहे.

मी रसायनाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे अवरक्त किरणांवर चालणारा वर्णपटमापक आहे. औषधं, प्लास्टिक, तेलं यांची ओळख पटवायला तो रोज वापरला जातो. दोघंही माझ्याकडे वळले: "तुझ्या मशीनवर लावून सांग ना." तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. यंत्र काय सांगू शकतं, काय सांगू शकत नाही आणि का, हे नीट मांडावं असं वाटलं.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. मिस्त्री आणि काका ज्यावर भांडत होते त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. हे लाकूड कोणत्या झाडाचं, हा एक. ते झाड कुठं वाढलं, हा दुसरा. पहिल्यावर दोघांचं एकमत होतं: साग. दुसरा प्रश्न पहिल्याहून फार फार अवघड आहे, आणि बाजारात पैसा बहुतेक वेळा त्या दुसऱ्याच प्रश्नावर ठरतो.

लाकडाच्या वखारीत, म्हणजे आपल्याकडे जिला लाती म्हणतात तिथं, साग नुसता 'साग' म्हणून विकला जात नाही. बर्मा, सीपी, बल्लारशा, घाना, इक्वेडोर अशी नावं सांगितली जातात. 'सीपी' म्हणजे जुना सेंट्रल प्रोव्हिन्सेस. प्रांताचं नाव जाऊन कितीतरी दशकं झाली, पण लाकडाच्या धंद्यात ते टिकून आहे. म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा साग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. झाडाची जात तीच, टेक्टोना ग्रँडिस. पण तीसेक वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या झाडाचं लाकूड आणि जंगलात शंभर वर्षं सावकाश वाढलेल्या झाडाचं लाकूड यांच्या भावात मोठं अंतर असतं. त्यात 'आफ्रिकन टीक' या नावानं इरोको नावाचं भलतंच लाकूडही मिळतं, ज्याचं सागाशी घराण्याचंही नातं नाही.

लाकूड ओळखण्याची जुनी आणि आजही सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे भिंग. आडवा काप धारदार पात्यानं गुळगुळीत करायचा आणि त्यावरची छिद्रं पाहायची. झाड पाणी ज्या नळ्यांतून वर चढवतं त्यांची ती तोंडं. सागात वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या नळ्या तयार होतात आणि पुढे लहान, त्यामुळे प्रत्येक वलयाच्या कडेला मोठ्या छिद्रांची एक ओळ दिसते. देहरादूनच्या वन अनुसंधान संस्थेत आणि बंगळुरूच्या काष्ठविज्ञान संस्थेत लाकडाच्या नमुन्यांचे संग्रह आहेत, त्यांच्याशी ताडून तज्ज्ञ निकाल देतात. या रीतीची मर्यादा अशी की ती पुष्कळदा कुळापर्यंत, फार तर गणापर्यंत नेऊन सोडते. एकाच गणातल्या दोन जाती भिंगाखाली जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. आणि झाड कुठं वाढलं हे छिद्रं सांगत नाहीत.

म्हणून रसायनाकडे जायचं. इथं आमचा झोपाळाच मदतीला येतो.

झोपाळ्यावर मूल बसलंय आणि तुम्ही मागून झोका देताय. झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत हात लावला तर थोड्याशा जोरावर झोका चढत जातो. लय चुकली तर कितीही जोर लावा, झोपाळा तो घेत नाही, उलट अडखळतो. लाकडातले अणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडलेले असतात आणि हे बंध स्प्रिंगसारखे सतत ताणले-आवळले जात असतात. प्रत्येक प्रकारच्या बंधाची आपली लय. झोपाळ्याची लय साखळीच्या लांबीवर ठरते, बंधाची लय अणू किती जड आहेत आणि बंध किती ताठ आहे यावर. ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध सेकंदाला सुमारे एकावर चौदा शून्यं इतक्या वेळा हेलकावतो. प्रकाशही एक लयच आहे, आणि नेमक्या या लयीचा प्रकाश म्हणजे अवरक्त किरण. विल्यम हर्शेलनं १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही तिथं, थर्मामीटर ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. तेच हे किरण.

लाकडावर अवरक्त किरण सोडले की ज्या लयी लाकडातल्या बंधांशी जुळतात त्या शोषल्या जातात, बाकीच्या परत येतात. काय गेलं आणि काय परत आलं याचा आलेख म्हणजे वर्णपट. त्यात शिखरं दिसतात, आणि एकेक शिखर म्हणजे एकेका बंधाची हजेरी. शिखराची जागा आकड्यात सांगतात: एका सेंटीमीटरमध्ये त्या प्रकाशाच्या किती लाटा मावतात तो आकडा. ३४०० च्या आसपास ऑक्सिजन-हायड्रोजन, २९०० ला कार्बन-हायड्रोजन, असं.

आता लाकूड कशाचं बनलंय ते पाहू. कोणतंही लाकूड घ्या, त्यात चाळीस ते पन्नास टक्के सेल्युलोज असतं. हे साखरेच्या रेणूंचे लांबलचक सरळ धागे, म्हणजे लाकडाची सळई. त्याभोवती हेमिसेल्युलोज, आखूड आणि फांद्या फुटलेल्या साखळ्यांचं. आणि सगळं घट्ट धरून ठेवणारं लिग्निन, जणू सिमेंट. घर बांधायला सळई आणि सिमेंट सगळेच वापरतात, मग घरं वेगळी कशी ओळखायची? सिमेंटच्या प्रकारावरून बरंच कळतं. देवदार, चीड यांसारख्या सूचीपर्णी झाडांचं लिग्निन आणि साग, शिसव, बाभूळ यांसारख्या रुंद पानांच्या झाडांचं लिग्निन रचनेनं वेगळं असतं. सूचीपर्णी लाकडात १२६५-१२७० जवळचं शिखर उठून दिसतं, रुंद पानांच्यात १३३० आणि १२३० च्या आसपासची. हा भेद सरावलेल्या डोळ्याला नुसत्या आलेखावरून कळतो.

पण साग की इरोको, साग की हेदू, हे सळई-सिमेंटवरून ठरवणं कठीण. तिथं उपयोगी पडतो तो उरलेला थोडा भाग, बहुतेक झाडांत काही टक्केच. झाड म्हातारं होताना आतल्या गाभ्यात स्वतःच्या रक्षणासाठी तेलं, राळ, रंगद्रव्यं भरतं. रक्तचंदनाचा लाल रंग सँटलिनचा. सागात टेक्टोक्विनोन आणि लापाकोल ही द्रव्यं असतात, शिवाय रबरासारखा एक पदार्थ. सागाला वाळवी सहजी लागत नाही, हात फिरवला की किंचित तेलकट लागतं, ही सगळी या द्रव्यांची कृपा. मिस्त्रींनी नाकानं ओळखलं तेही तेच. म्हणजे ते रसायनच वाचत होते, फक्त यंत्राशिवाय.

फळीचा नमुना घेताना मी वरची बाजू सोडून खालच्या बाजूनं भुसा घेतला, आणि ही गोष्ट जितकी साधी दिसते तितकीच महत्त्वाची आहे. आमच्या यंत्रात नमुना एका छोट्या हिऱ्याच्या खड्यावर दाबून ठेवतात. किरण त्या खड्यातून येतात आणि नमुन्यात जेमतेम एक-दोन मायक्रॉन शिरतात. केसाच्या जाडीचा तो पन्नासावा भाग वगैरे. म्हणजे वर पॉलिश असेल तर यंत्र पॉलिशच वाचणार. संखेड्याच्या रंगीत खुर्चीवर हा खडा टेकवला तर आतला साग कधीच दिसणार नाही, खराद्यांनी चढवलेली लाखच दिसेल. त्याहून घातक गंमत अशी: लाख आणि अळशीचं तेल यांतही एस्टर बंध असतात आणि त्यांचं शिखर १७३० च्या आसपास येतं. लाकडातल्या हेमिसेल्युलोजचं शिखरही तिथंच, १७४० जवळ. पिढ्यान् पिढ्या तेलपाणी झालेल्या फळीच्या वरच्या बाजूवरून मी निष्कर्ष काढला असता तर लाकडात नसलेली हेमिसेल्युलोजची श्रीमंती मला दिसली असती.

उन्हाचाही परिणाम होतो. प्रकाशानं लिग्निन तुटतं आणि १५०५-१५१० जवळचं त्याचं खास शिखर खचत जातं. खिडकीजवळच्या फळीचा वरचा थर आणि आतलं लाकूड रसायनाच्या दृष्टीनं दोन वेगळी लाकडं होतात. म्हणून ढलपी काढून, आतला ताजा भाग घ्यायचा.

वाड्याचा खांब, देव्हारा, जुना दरवाजा यांची ढलपी काढायला कोणी देणार नाही, आणि देऊही नये. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यासारख्या संरक्षित वास्तूत तर प्रश्नच नाही. अशा ठिकाणी निकट अवरक्त किरण कामाला येतात. दृश्य प्रकाशाला लागून असलेला हा पट्टा, ७८० ते २५०० नॅनोमीटर. टीव्हीच्या रिमोटमधून निघतात तेही याच जातीचे. हे लाकडात मिलीमीटरच्या मापानं आत जातात, नमुना कापावा लागत नाही, आणि हातात धरता येतील अशी यंत्रंही मिळतात. मात्र इथं दिसतात ते बंधांचे मूळ स्वर नाहीत. तानपुऱ्याची तार छेडली की मूळ षड्जाबरोबर वरचे बारीक स्वर ऐकू येतात, तसे हे बंधांचे वरचे स्वर. ते क्षीण असतात आणि एकमेकांत मिसळलेले. आलेखात टोकदार शिखरांऐवजी बुटक्या, पसरट टेकड्या दिसतात. सागाची टेकडी आणि ऐनाची टेकडी शेजारी ठेवली तर मलाही फरक सांगता येणार नाही.

तिथं गणित लागतं. एका आलेखात शेकडो-हजारो बिंदू असतात, म्हणजे प्रत्येक नमुना शेकडो आकड्यांचा. उत्तरायणाला गच्चीवर उभं राहिल्यावर काय होतं ते आठवा. एका गच्चीवरून पाहिलं तर वीस पतंग एकाच ठिकाणी गुंतल्यासारखे दिसतात. चार घरं सोडून दुसऱ्या गच्चीवर गेलात तर लक्षात येतं की काही पतंग पुढे आहेत, काही मांडवीच्या बाजूला, दोन थवे साफ वेगळे. पतंग तेच, पाहायची जागा बदलली. मुख्य घटक विश्लेषण नावाची रीत, जिचा पाया कार्ल पिअर्सननं १९०१ साली घातला, हेच करते: शेकडो आकड्यांच्या गर्दीत अशी गच्ची शोधते जिथून नमुन्यांमधला पसारा सगळ्यात जास्त दिसेल. त्यावर पुढच्या रीती चढवून संगणकाला शिकवतात की हा थवा सागाचा, हा इरोकोचा. मग अनोळखी नमुना आला की तो कुठल्या थव्यात पडतो ते पाहायचं.

हे खरोखर चालतं. ब्राझीलच्या संशोधकांनी महोगनीवर हे काम केलं. महोगनीच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन २००३ पासून आहे, त्यामुळे ती दुसऱ्या लाकडाच्या नावानं निघते. तिच्यासारखी दिसणारी तीन लाकडं घेऊन त्यांनी २०११ मध्ये दाखवलं की निकट अवरक्तानं चारही वेगळी काढता येतात. पुढे २०१६ मध्ये २७ देशांतल्या महोगनीचे नमुने तपासले, आणि देश कुठलाही असो, महोगनी महोगनी म्हणूनच ओळखू आली. आपल्याकडे हाच प्रश्न रक्तचंदनाचा आहे. पूर्व घाटातल्या थोड्याशा पट्ट्यात वाढणारं हे झाड १९९५ पासून साइट्सच्या यादीत आहे, आणि बंदरावर कंटेनर उघडल्यावर लाल लाकूड नेमकं कोणतं हे अधिकाऱ्याला तिथल्या तिथं कळणं गरजेचं असतं. शिसवाचं अख्खं गणही २०१७ पासून यादीत आलं. अशा ठिकाणी हातातल्या यंत्रानं संशयित माल बाजूला काढावा आणि पक्का निकाल प्रयोगशाळेनं द्यावा, ही वाटणी मला योग्य वाटते.

पण त्या २७ देशांच्या निकालाकडे काकांच्या नजरेनं पाहा. देश बदलला तरी ओळख बदलली नाही, याचा अर्थ जातीची खूण ठळक आहे आणि देशाची खूण तिच्यापुढे फिकी. जात ओळखताना ही सोय आहे. मूळ ठिकाण शोधताना मात्र आपल्याला नेमकी ती फिकी खूणच वाचायची असते.

मुळात जागेची खूण लाकडात येते कशी? झाडानं मातीतून घेतलेली बरीचशी मूलद्रव्यं अवरक्ताला थेट दिसत नाहीत. दिसतो तो परिणाम. पाऊस किती, उन्हाळा किती लांब, जमीन कशी, झाड किती वेगानं वाढलं, यानुसार लिग्निनचं प्रमाण आणि गाभ्यातल्या द्रव्यांचं मिश्रण थोडं थोडं बदलतं. ते बदल खरे आहेत, मोजता येतात. पण एकाच झाडात बुंध्याशी आणि शेंड्याशी, आतल्या गाभ्यात आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडात असलेला फरक कित्येकदा दोन जंगलांमधल्या फरकाएवढा भरतो. तरुण झाड आणि वृद्ध झाड यांतही. लागवडीचा घानाचा साग आणि जंगलातला डांगचा साग यंत्रानं वेगळा काढला, तर त्यानं देश ओळखला की वय? हा प्रश्न विचारल्याशिवाय असा निकाल मी स्वीकारणार नाही.

पाण्याचंही तसंच. पाणी १४५० आणि १९४० नॅनोमीटरचे किरण जोरात शोषून घेतं. बडोद्यात वैशाखात वाचलेली फळी आणि श्रावणात वाचलेली तीच फळी, आलेख दोन. समजा डांगचे सगळे नमुने पावसात उघड्यावर पडलेल्या थप्पीतून घेतले आणि बर्माचे सगळे कोरड्या कपाटातून. संगणक दोन्ही गट शंभर टक्के वेगळे काढून दाखवेल, आणि त्यानं ओळखलेलं असेल फक्त कपाट.

आणखी एक चूक वारंवार होते आणि ती मला सगळ्यात जास्त खुपते. एका फळीवर दहा जागी यंत्र टेकवायचं, सात वाचनं शिकवायला वापरायची, तीन परीक्षेला. निकाल छान येतो. का नाही येणार? ज्या गणितांचा सराव केला तीच पेपरात आली. परीक्षेचं झाड शिकवणीच्या झाडांहून वेगळंच असलं पाहिजे, शक्यतो वेगळ्या कूपातलं, म्हणजे जंगलाच्या वेगळ्या तोडणी-पट्ट्यातलं, वेगळ्या वर्षी तोडलेलं. जात ओळखण्यापुरती ही काळजी थोडी कमी पडली तरी कदाचित निभावेल. मूळ ठिकाणाच्या बाबतीत ती नसेल तर निकालाला काही किंमत नाही.

म्हणून ठिकाण ठरवायचं असतं तेव्हा अवरक्तावर एकट्यावर भिस्त ठेवत नाहीत. पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त जड अणूंचं, प्रमाण प्रदेशानुसार बदलतं आणि ते झाडात उतरतं. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण खालच्या खडकाची खूण सांगतं. डीएनए झाडांची वंशावळ सांगतो, जरी जुन्या, कोरड्या गाभ्यातून तो काढणं कष्टाचं असलं. या तपासण्या महाग आणि वेळखाऊ. अवरक्त स्वस्त आणि मिनिटभराचं. शंभर फळ्यांतल्या कोणत्या पाचांवर तो खर्च करायचा, हे अवरक्तानं सांगावं.

आणि यातली प्रत्येक रीत शेवटी एकाच गोष्टीवर उभी राहते, ती म्हणजे खात्रीचे नमुने. यंत्राला 'डांग' म्हणजे काय हे माहीत नसतं. डांगच्या पुरेशा झाडांचे, वघईकडचे, आहव्याकडचे, म्हातारे-तरुण, गाभ्याचे आणि कडेचे नमुने त्याला दाखवले असतील तरच ते म्हणू शकतं, 'हा त्यांच्यातला वाटतो.' दाखवलेच नसतील तर ते जवळचा कुठला तरी थवा निवडून आत्मविश्वासानं चुकीचं नाव सांगेल. ज्याचा नमुना कपाटात नाही ते जंगल यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही.

आमच्या फळीचं काय झालं? खालच्या बाजूचा भुसा वाळवला, तीन जागचे नमुने घेतले. आलेख रुंद पानांच्या झाडाचा, यात शंका नव्हती. प्रयोगशाळेत माझ्याकडे खात्रीच्या सागाचे काही नमुने आणि इरोको, हेदू, ऐन, बिवळा यांचे एकेक-दोन होते. फळी सागांच्या थव्यात पडली. भिंगाखाली मोठ्या छिद्रांची ओळही स्वच्छ दिसली. साग आहे, हे मी दोघांना सांगितलं. बर्मा की डांग, हे सांगितलं नाही, कारण माझ्याजवळ बर्माचा एकही खात्रीचा तुकडा नाही आणि डांगचा एकच.

मिस्त्री हसले, म्हणाले त्यांना ठाऊकच होतं. काका दोन दिवस गप्प होते. मग एका रविवारी सोनगडच्या नात्यातल्या घरी जाऊन आले. तिथं जुना माळा उतरवत होते, आणि तुळया डांगच्या जंगलातल्या असल्याचा कागद त्या घरात जपून ठेवलेला आहे. काकांनी चार वेगवेगळ्या तुळयांचे बोटभर तुकडे आणले, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, वर स्वतःच्या अक्षरात लिहून: तुळई कितवी, टोकाची की मधली, गाभा की कड. फळीला आता सागाचंच ठिगळ बसवलं आहे आणि झोपाळा पुन्हा टांगला आहे. काकांची पाकिटं माझ्या कपाटात आहेत, आणि लातीतल्या एका जुन्या व्यापाऱ्यानं कागदपत्रांसकट बर्माचा तुकडा शोधून द्यायचं कबूल केलं आहे.